गेणबाची टाकी

दिवाळीला ठमाबाईला जो खोकला लागला तो मार्गशीर्ष आला तरी हटेना. पंच्याण्णव साल सरत आलं होतं आणि वरकुट्यात जळणाचं काही खरं राहिलं नव्हतं. ओढ्याकडेच्या वेड्या बाभळी लोकांनी कधीच तोडून नेल्या होत्या. उरलं होतं ते उसाचं पाचट. पाचट मागेल तेवढं मिळे, पण त्याचा स्वभाव वाईट. सुकं असलं तर भडकून जायचं, दवात भिजलेलं असलं तर नुसता धूर ओकायचं. मधलं काही त्याला माहीतच नव्हतं. ठमाबाई एक भाकरी थापायची, तव्यात टाकायची आणि दाराची चौकट धरून खोकत उभी राहायची. खोकला थांबला की आत येऊन ती उलटायची. तोवर भाकरीची एक बाजू काळी झालेली असे.

फुंकणी फुंकण्याइतका दम तिच्यात नव्हता. म्हणून साठी ओलांडलेला गेणबा चुलीपुढं उकिडवा बसून फुंकणी फुंकायचा आणि त्याच्या मिशीला राख चिकटायची. एके काळी शंभर मेंढरांमागं कोकणापर्यंत हिंडलेला हा धनगर. आता दीड एकर रान, चौदा मेंढरं, एक गाय, एक म्हैस आणि एक कालवड एवढा त्याचा संसार होता. बायकोची चूल फुंकतोय म्हणून शेजारीपाजारी हसत. हसोत बापडे. त्याला ऐकू यायचं ते एकच, तिच्या छातीतलं घरघरणं. पाऊण तास चाललेली मोटर बंद पडताना जसा आवाज काढते तसं काहीतरी तिच्या आत चाललेलं असायचं.

इंदापूरच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं. औषध तो देईल, पण धूर बंद झाल्याशिवाय औषधाचा काही उपयोग नाही. पुढच्या थंडीपर्यंत असंच चाललं तर मग त्याच्याकडं आणू नका, पुण्याला न्या.

त्यांची लेक नकोशी बावड्याला दिलेली. नाव आजीनं ठेवलेलं, आणि भावंडांत पुढं नकोशीच एकटी जगली. ती येऊन म्हणाली, “आबा, आईला मी घिऊन जाते. माज्या घरात गॅसची शेगडी हाय.”

“किती दीस?” ठमाबाईनं विचारलं.

“कायमचं.”

“आन ह्यास्नी भाकरी कोन घालनार?”

गेणबा अंगणात जाऊन उगाच कालवडीचं दावं सोडून पुन्हा बांधत बसला. चाळीस वर्षं जिच्याशी भांडलो ती घरात नसली तर आपण दिवसभर करायचं काय, हे त्याला खरंच कळत नव्हतं.

अशा दिवसांत एका रविवारी हिंदुराव दारात आला.

हिंदुराव गावचाच, उसवाल्या बागायतदारांच्या घरातला, आणि वीज बोर्डात वायरमन. मागच्या उन्हाळ्यात गेणबानं खांबावर टाकलेला आकडा त्यानंच काढला होता. चार जणांचे काढले, पण गेणबाचा काढला तेव्हा नेमकी शाळेपुढं ग्रामसभा सुटलेली. हिंदुरावनं खांबावरून उतरून वायरची व्यवस्थित गुंडाळी केली आणि सगळ्यांसमोर गेणबाच्या हातात दिली. “तात्या, वायर तुमची, वीज बोर्डाची,” एवढंच म्हणाला. लोक पोट धरून हसले. तेव्हापासून गेणबानं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. रस्त्यात भेटला तर तो मेंढराशी बोलायचा.

“तात्या, येक काम हाय,” हिंदुराव म्हणाला.

गेणबा म्हशीशी बोलला. “आता काय न्यायचं ऱ्हायलंय ग आपल्या घरात?”

“न्यायला न्हाय, द्यायला आलुय. आमच्या सायबांनी ह्या वर्सी काढलंय, धूर कमी, जळन कमी, आसं कायतरी. ज्याला मन असंल त्यानं आपल्या सुट्टीच्या दिवशी गावात गोबरगॅस बांधून द्यायचा. टाकी आन सिमिट पंचायत समितीचं, हातपाय आमचं. वरकुट्यात पयला कुणाकडं बांधावा, म्हनून मी तुमचं नाव घातलं.”

आता गेणबा त्याच्याकडं वळला. “तुमास्नी काय मिळतंय ह्यात?”

“च्या पाजला तर च्या.”

“आकडा काढायला आलतास तवा सुट्टी व्हती का?”

“तवा ड्यूटी व्हती. आता सुट्टी हाय.”

गेणबाला आणखी दोन-चार गोष्टी बोलायच्या होत्या. वर्षभर त्यानं त्या मनात घोळवून ठेवल्या होत्या. पण घरातून खोकल्याची उबळ ऐकू आली. ती संपायला बराच वेळ लागला. मग आतून आवाज आला, “आवं, व्हय म्हना की.”

गेणबा व्हय म्हणाला.

योजनेला चार जनावरांची अट होती. गेणबाची तीन. पाहणीला पंचायत समितीचा माणूस आला त्या सकाळी शेजारच्या गोजरबाईची म्हैस गेणबाच्या गोठ्यात उभी होती. गोजरबाई विधवा बाई, जिभेनं तिखट पण मनानं मोकळी. कुंपणापलीकडून ती अगदी अनोळखी नजरेनं आपल्याच म्हशीकडं बघत होती. म्हशीला मात्र हे पटलं नाही. त्या माणसाचं लिहून होईपर्यंत ती घराकडं तोंड करून हंबरत राहिली. त्यानं चार जनावरं लिहिली आणि गेला.

मग चार रविवार बोर्डाची माणसं आली. सहा जण. खाकी कपडे घरी ठेवून जुन्या बनियनवर येत. खांबावर सरसर चढणारी ही माणसं, पण खड्डा खणणं निराळं. दोन हातांखाली मुरूम लागला आणि पहिल्याच रविवारी बारामतीहून आलेल्या नागेश नावाच्या वायरमनच्या तळहाताला फोड आले. तो ते कुणाला दाखवत नव्हता. ठमाबाईनं बघितलं आणि हळद-तेल आणून दिलं. तिला त्यांचं भारी कौतुक. चहात दूध जास्त घालायची. खोकत खोकत कपबशा मांडायची आणि एकेकाची चौकशी करायची, घरी कोण कोण आहे, आई आहे का, ती चुलीवर करते की शेगडीवर.

विटांचं गोल बांधकाम विहिरीसारखं वर आलं. गॅस धरणारी लोखंडी टाकी बारामतीहून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आली, काळी, भली मोठी, उलट्या घातलेल्या रांजणासारखी. खांब उभा करायची तिपाई आणि चेनपुली हिंदुरावनं मागून आणली होती. तिनं टाकी उचलली, अधांतरी फिरवली आणि बरोबर खड्ड्यात बसवली. खांब उभा करताना जशी एकानं साद घालायची आणि बाकीच्यांनी ओढ घ्यायची, तसंच. अर्धं वरकुटं बघायला जमलं होतं. शेवटच्या रविवारी त्यांनी घरातली चूल फोडली आणि तिथं शहाबादी फरशीचा ओटा केला, वर शेगडी ठेवली. चूल फोडताना ठमाबाईनं तिला हळदकुंकू वाहिलं, डोळ्याला पदर लावला आणि मग स्वतःच पहिला घाव घातला.

“आता पयली भरती,” हिंदुरावनं समजावलं. “चार गाड्या शेन, तेवढंच पानी, गुठळी ऱ्हाऊ द्यायची न्हाय, ह्या बाजूच्या कुंडीतनं आत सोडायचं. आत गॅस झाला की टाकी आपोआप वर उठंल. मंग रोजचं दोन पाट्या टाकत ऱ्हायचं. माती न्हाय, काडीकचरा न्हाय. नुसतं शेन. तेवढं तुमी भरून घ्या, तात्या, आमची ह्या आठवड्यात लायनीची कामं हायती.”

“भरतो की,” गेणबा म्हणाला.

भरतो म्हणाला खरा. पण तीन जनावरांचं, त्यातही अर्धं रानात गेलेलं, उकिरड्यावर मिळून दोन गाड्या शेण निघालं. खड्डा अर्धाही भरेना. आता राहिलेलं आणायचं कुठून? सरळ वाट होती, घरोघर जाऊन पाटी-पाटी मागायचं. पण ती वाट गेणबाला चालवेना. एक तर चौथ्या जनावराचं बिंग फुटलं असतं. आणि दुसरं म्हणजे, शेण मागायला जायचं ते कुणी, गेणबानं? ज्याच्या दारात दर वर्षी मोठमोठे बागायतदार येऊन उभे राहायचे, गेणबातात्या, अवंदा आमच्या रानात दोन राती मेंढरं बसवा म्हणून गयावया करायचे, पायली-पायली जोंधळा आणून टाकायचे. ते सगळं कशासाठी, तर लेंडीसाठी. मेंढरं ज्या रानात बसली ते रान तीन वर्षं पिकतं हे इंदापूर तालुक्यातलं शेंबडं पोरही सांगेल. शेणखत ते काय, लेंडीपुढं त्याला कोण विचारतो?

आणि मेंढरांच्या वाड्यामागं दोन वर्षांच्या लेंड्यांचा ढीग पडलेला होता.

लेंडी गरम असते. मुठीत धरली तर आतून ऊब लागते. शेणाचा जर गॅस होतो तर लेंडीचा त्याच्या दुप्पट झाला पाहिजे, असा हिशेब गेणबानं केला आणि तो त्याला इतका पटला की आपण कमीपणा झाकतोय हे तो विसरूनच गेला. उलट आपण बोर्डवाल्यांना एक नवी गोष्ट दाखवणार आहोत असं त्याला वाटू लागलं. रथसप्तमीच्या दुपारी ठमाबाई गोजरबाईकडं हळदीकुंकवाला गेली. तेवढ्या वेळात त्यानं पाट्यांवर पाट्या लेंड्या वाहिल्या आणि कुंडीतून खड्ड्यात लोटल्या. वरून दोन घागरी शेणकाला टाकला. पाठ भरून आली, पण मन खूश होतं.

टाकी उठली नाही.

आठ दिवस झाले, पंधरा झाले. टाकी बोटभर वर आली आणि पुन्हा बसली. “थंडी हाय,” हिंदुराव म्हणाला, “थंडीत वेळ लागतो.” येणारा जाणारा कुंपणावरून वाकून बघायचा. “गेणबा, उठली का टाकी?” हा गावाचा नमस्कारच होऊन बसला. घरात चूल नव्हती, म्हणून ठमाबाईनं अंगणात तीन दगड मांडले होते. वाऱ्याला आडोसा नव्हता. धूर जिकडं वारा तिकडं जायचा आणि वारा नेमका तिच्याकडं असायचा.

शिवरात्र झाल्यावरच्या रविवारी साहेब येणार असं आधीच ठरलेलं. ते आले, हार आला, नारळ आला. माणूस साधा होता, चपला बाहेर काढून घरात शिरला. ठमाबाईनं शेगडीला कुंकू लावलं. साहेबांनी काडी ओढली, हिंदुरावनं कॉक फिरवला. नुसती फुस झाली. दुसरी काडी. तिसरी. चौथीला बोट भाजलं. दारातून कुणीतरी म्हणालं, “सायेब, आकडा टाकून बघा.” मग जो हशा पिकला तो थांबेना.

साहेबांनी हिंदुरावकडं बघितलं. हिंदुरावचं तोंड पार उतरलं होतं. त्यानं एकदा गेणबाकडं बघितलं, आणि गेणबाला वाटलं, आता विचारतो की काय, काय भरलंत म्हणून. पण तो म्हणाला, “साहेब, माझ्याकडनं पाइपाच्या जोडणीत कुठं तरी चूक राहिली. मी शोधून काढतो.”

साहेबांनी चपला घातल्या. नारळ तसाच ठेवून गेले. गावातली आणखी नऊ घरं गोबरगॅससाठी नाव देणार होती. त्यातल्या एकानंही दिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून हिंदुराव रोज ड्यूटी संपली की यायचा. वाटीत साबणाचं पाणी घेऊन पाइपाच्या एकेका सांध्याला लावायचा आणि बुडबुडा येतो का ते डोळे बारीक करून बघत बसायचा. एकदा सगळा पाइप सोडून पुन्हा जोडला. गेणबा बाजूला उभा राहून वाटी धरायचा. तोंडापर्यंत शब्द यायचा आणि मागं जायचा. आपण किती हलके झालो आहोत हे त्याला समजत होतं. ज्याच्यावर वर्षभर राग धरला तो माणूस आपली चूक स्वतःच्या डोक्यावर घेऊन आपल्या दारात गुडघ्यांवर बसलाय आणि आपण त्याला वाटी धरतोय.

“लोखंडात बारीक भोक तर नसंल?” हिंदुराव स्वतःशीच बोलायचा.

“असंल,” गेणबा म्हणायचा.

होळीच्या आधी दोन दिवस, सकाळी नवाच्या सुमाराला, ठमाबाई तीन दगडांपुढून उठता उठता थांबली. तिला श्वास आत घेता येईना. तोंड उघडं, हात छातीवर, डोळे गेणबावर लावलेले. आवाजसुद्धा नाही. गेणबानं तिला उचललं. कधीकाळी पाण्याच्या दोन घागरी घेऊन चढ चढणारी बाई हाताला कोकरासारखी हलकी लागली आणि तो घाबरला. गोजरबाईनं आरडाओरडा करून जीप थांबवली. इंदापूरला डॉक्टरनं सुई टोचली, नळी लावली. तासाभरानं तिचे ओठ पुन्हा माणसासारखे दिसू लागले.

डॉक्टर म्हणाला, “बाबा, मी काय सांगितलं होतं?”

ठमाबाईच्या उशाला गोजरबाईला बसवून गेणबा बाहेर पडला. बसस्टँड ओलांडून, ट्रकांमधून वाट काढत सरळ सबस्टेशनवर गेला. हिंदुराव तारेच्या कुंपणाआत एका पेटीवर बसून डबा खात होता.

“मामी कशा हायत्या?” त्यानं घास ठेवून विचारलं. बातमी त्याच्यापर्यंत पोहोचली होती.

“हाय. हिंदुराव, तुज्या पाइपात चूक न्हाय.”

“मंग?”

“शेन दोनच गाड्या व्हतं.” गेणबा कुंपणाच्या तारेला धरून उभा होता. “बाकीची लेंडी घातली म्या.”

हिंदुराव त्याच्याकडं बघत राहिला. “किती?”

“दोन गाड्या. सगळी.”

“तात्या, लेंडी फुटत न्हाय पान्यात. तरंगती. वर साय धरल्यावानी थर बसला आसंल, गॅस त्यातनं येनार कसा?”

“ते आता तू सांगतुयास तवा कळलं.”

“आन मी पंधरा दीस साबन लावत बसलुय.”

“व्हय.”

“तुमी वाटी धरून उभं ऱ्हायलाव.”

“व्हय. मला बोल काय बोलायचं ती. गावात सांग, सायबाला सांग. पर ती टाकी उठव. ती म्हातारी मरंल रं.”

हिंदुरावनं डबा झाकला. त्याला राग आला होता आणि तो त्याच्या मानेवर दिसत होता. पाण्याची बाटली तोंडाला लावून त्यानं अर्धी संपवली. मग म्हणाला, “चार जनावरं हायती न्हवं तुमची? मंग शेन कमी कसं पडलं?”

गेणबानं म्हशीचीही गोष्ट सांगितली. आता लपवायला काही उरलंच नव्हतं. म्हैस हंबरत होती तिथपर्यंत आल्यावर हिंदुरावच्या ओठाचा कोपरा हलला. त्यानं तो आवरायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. तो खदखदून हसला आणि हसता हसता त्यानं गेणबाला पेटीवर बसायला जागा केली.

“रविवारी येतू,” तो म्हणाला. “पर शेन तुमी जमवायचं. चार गाड्या. मागून आना.”

नकोशी येऊन आईला दवाखान्यातूनच बावड्याला घेऊन गेली. आणि गेणबानं रिकामी पाटी उचलली. पहिलं घर गोजरबाईचं. तो अंगणात जाऊन उभा राहिला, पाटी पुढं धरलेली.

“काय पायजे?” गोजरबाईनं विचारलं.

“शेन.”

“मंग तोंड कशापायी पाडलंय? माजी म्हस कागदावर तुजीच हाय की. तिचं शेन बी तुजंच. ने.”

पुढच्या घरी इतकं सोपं गेलं नाही. एकानं विचारलं, “धनगराला शेन मागायची येळ आली व्हय?” गेणबा म्हणाला, “आली.” एकानं अर्धी पाटी दिली आणि उरलेल्या अर्धीच्या जागी उपदेश दिला. एका घरी सुनेनं सासऱ्याला न विचारता दोन पाट्या भरून दिल्या आणि हळूच म्हणाली, “तात्या, तुमचं पेटलं तर आमच्याकडं बी बांधाय सांगा.” तिचे डोळे लालभडक होते. तीन दिवस गेणबा फिरला. डोक्यावरची पाटी गळायची, कानामागून शेणाचं पाणी मानेत उतरायचं. ज्या ज्या घरी मागायला गेला त्या प्रत्येक घराला त्यानं एकेक रात्र मेंढरं बसवायचा शब्द दिला. चौदा मेंढरांनी किती रानं खतवायची हे त्याचं त्यालाच माहीत.

रविवारी सहाही जण आले. तिपाई उभी राहिली, साद घातली गेली, टाकी वर आली. आत बघून नागेशनं नाकाला रुमाल बांधला. लेंड्यांचा थर हातभर जाड बसला होता, वरून घट्ट. “ह्याच्यावर बाज टाकून झोपता येईल,” तो म्हणाला. दुपार टळेपर्यंत ते बादल्या भरून वर ओढत होते. वासानं दोघांचं डोकं धरलं, एकानं कुंपणापाशी जाऊन उलटी केली आणि तोंड धुऊन पुन्हा दोरी धरली. कुणी गेणबाला एक शब्द बोललं नाही. गेणबा लंगोट लावून आत उतरला होता, छातीपर्यंत त्या चिखलात. वर यायला हात कुणी द्यायचा हा प्रश्न पडू नये म्हणून हिंदुरावनं हात आधीच खाली सोडून ठेवला होता.

गंमत म्हणजे बाहेर काढलेली लेंडी बघून त्या सहातल्या चौघांची नियत फिरली. सगळे शेवटी शेतकऱ्यांचीच पोरं. “तात्या, ही काय करणार?” नागेशनं विचारलं. “दोन पोती मला द्या, डाळिंबाला घालतो.” संध्याकाळी त्या चौघांच्या सायकलला, मोटारसायकलला एकेक गळतं पोतं बांधलेलं होतं आणि गेणबाला बऱ्याच दिवसांनी जरा ताठ उभं राहता आलं.

भरती आता नुसत्या शेणाची झाली. ऊन तापू लागलं होतं. पाचव्या दिवशी टाकी चार बोटं वर आली. नवव्या दिवशी वीतभर. गेणबा सकाळी उठून आधी तिकडं जायचा, टाकीवर तळहात ठेवायचा. पहिला गॅस हिंदुरावनं हवेत सोडून दिला, त्यात हवा मिसळलेली असते म्हणून. गेणबाचा जीव तुटला. पाडव्याच्या आदल्या दिवशी नकोशी आईला घेऊन आली आणि पाडव्याला सकाळी हिंदुरावनं कॉक फिरवला. ठमाबाईनं काडी लावली. निळी ज्योत भप्‌कन उठली, जरा थरथरली आणि स्थिर झाली. या वेळी साहेब नव्हते, हार नव्हता. ठमाबाई चार हात लांब सरकून बसली, सवयीनं पदर नाकाला लावून. थोड्या वेळानं तिनं पदर खाली घेतला. “धूर कुठाय?” तिनं विचारलं. कुणालाच हसू आवरेना.

तिनं त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या आणि हिंदुरावला बळेच चार वाढल्या. गेणबानं त्याच्या पोळीवर स्वतः तूप ओतलं.

चैत्र निम्मा झाला. लाल डोळ्यांच्या त्या सुनेच्या सासऱ्यानं नाव दिलं, मग आणखी पाच घरांनी दिलं. ठमाबाईचा खोकला एकदम गेला नाही, पण दोन उबळींमधलं अंतर वाढत गेलं. रात्री ती आडवी होऊन झोपू लागली. लेंडीचं मात्र तिला काही माहीत नव्हतं. पाइपात चूक होती, हिंदुरावनं काढली, एवढंच गेणबानं सांगितलं होतं आणि त्याला वाटत होतं की हे असंच निभावून जाईल.

गोजरबाई होती तर कसं निभावणार? एका दुपारी दोघी ओढ्याला धुणं धुवायला गेल्या. गेणबा अंगणात दावं वळत बसला होता. लांबून त्याला ठमाबाई येताना दिसली, ओलं धुणं खांद्यावर, चाल नेहमीपेक्षा जोरात. तो समजला. दाव्याचा पीळ हातात तसाच धरून उभा राहिला.

“लेंडी घातली तुमी?” ती कुंपणाच्या आत पाऊल टाकतानाच म्हणाली. “लेंडी? आवं, तुमाला डोस्कं हाय का काय हाय? सारा जलम मेंढरं राखली, मेंढराएवढी तरी अक्कल यावी का न्हाय मानसाला? तो बिचारा हिंदुराव गुडघं टेकून साबन लावतुय आन तुमी वाटी धरून उभं ऱ्हाताय, लाज कशी वाटली न्हाय, म्हनं शेन मागायला कमीपना वाटतुय, कुनाचा कमीपना, मी हितं तीन दगडापुढं मराय लागली व्हती आन तुमाला तुमची लेंडी मोठी, त्या सायबाचं बोट भाजलं, पंचायतीच्या मानसाला गोजराची म्हस दावली, आन मला सांगताय पाइपात चूक व्हती, चाळीस वर्सं झाली तुमाला खोटं बोलता येत न्हाय ते येत न्हाय, आन आता म्हातारपनी शिकताय व्हय...”

गोजरबाई कुंपणाशी येऊन उभी राहिली होती. रस्त्यानं जाणारे दोघे थांबले. धुण्याचं पाणी ठमाबाईच्या खांद्यावरून ठिबकत होतं. ती त्याच्या आईबापापासून सुरुवात करून आकड्यापर्यंत आली, आकड्यावरून पुन्हा लेंडीवर गेली. गेणबा खाली मान घालून ऐकत होता. शब्दांकडं त्याचं लक्ष नव्हतं. आता खोकेल, आता थांबेल, आता चौकट धरेल, म्हणून तो जीव कानात आणून वाट बघत होता. ती थांबत नव्हती. आवाज चढत चालला होता, खणखणीत, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी असायचा तसा. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याच वेळी त्याला हसूही येत होतं.

ठमाबाई अर्ध्या वाक्यात अडली. “आन आता हसताय कशापायी?”

“काय न्हाय,” गेणबानं मुंडाशाच्या शेवानं डोळे पुसले. “तू बोल. आजून बोल.”